पावसाची ओढ आणि मनाचा घोर

पृथ्वीची प्रकृती बिघडली की माणसाच्या मनाचीही बिघडते, हे सगळ्यांत ठळक दिसते ते कोरडवाहू शेतीत. मराठवाडा-विदर्भातला शेतकरी जूनच्या पावसावर सोयाबीन किंवा कपाशी पेरतो. बियाणे, खत, मजुरी यांसाठी पीककर्ज किंवा सावकाराचा पैसा आधीच उचललेला असतो. पुढे पावसाने तीन आठवडे ओढ दिली की उगवलेले करपते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कुणापुढे तरी हात पसरावा लागतो. अशा दिवसांत झोप उडते, घास उतरत नाही, कामात जीव लागत नाही, घरात चिडचिड वाढते. गावात याला ‘टेन्शन’ म्हणतात. ही लक्षणे दोन आठवडे टिकून राहिली, तर ते नैराश्य असू शकते. मात्र त्याच्याकडे आजार म्हणून क्वचितच पाहिले जाते. पाऊसच नाही, मग माणूस खचणारच, असे म्हणून सगळे गप्प बसतात. हा समज घातक आहे. दुःखाचे कारण खरे असले, म्हणून आजार खोटा ठरत नाही. आणि त्यावर उपचार आहेत.

हवामान आणि आत्महत्या यांचा संबंध अर्थतज्ज्ञ टॅमा कार्लटन यांनी २०१७ साली मांडला. भारतातल्या १९६७ ते २०१३ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. पीक शेतात उभे असताना, २० अंश सेल्सिअसच्या वर, एका दिवसाचे तापमान १ अंशाने वाढले तर देशात सरासरी सुमारे ७० आत्महत्या वाढतात, असा त्यांचा अंदाज आहे. शेत मोकळे असतानाच्या महिन्यांत तेवढ्याच उष्णतेचा असा परिणाम आढळला नाही. म्हणजे हा घाव मनावर येतो तो मुख्यतः पिकाच्या वाटेने. अर्थात, कोणत्याही आत्महत्येमागे एकच कारण नसते. कर्ज, बाजारभाव, आजारपण, व्यसन, एकटेपणा हे सारे त्यात मिसळलेले असते. हवामान त्या ओझ्यात भर घालते.

उष्णतेचा थेट त्रासही आहे. रात्र तापलेली राहिली की झोप तुटते आणि आधीच अस्वस्थ असलेले मन आणखी ढासळते. लिथियम हे मनाच्या आजारावरचे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले, तर औषधाचे रक्तातले प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. मानसिक आजारांवरच्या इतर काही औषधांनी घाम कमी येतो आणि शरीर थंड होणे अवघड जाते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०२१ च्या उष्णतेच्या लाटेने ६१९ जणांचा बळी घेतला. त्यांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त होते.

आणखी एक दुःख आहे, त्याला नाव मिळाले ते अलीकडे. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी डोंगर-कुरणे खरवडली. लोक आपापल्या घरीच होते, पण ओळखीचा मुलूख डोळ्यांदेखत नाहीसा होत होता. घर न सोडताच परागंदा झाल्याच्या या वेदनेला ग्लेन अल्ब्रेख्ट या तत्त्वज्ञाने ‘सोलास्टॅल्जिया’ म्हटले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना, नदी-विहिरी आटताना पाहणाऱ्या कुणालाही, ही वेदना समजावून सांगावी लागणार नाही.

पाऊस कुणाच्या हाती नाही. आधार मात्र आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावच्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. ते घरोघर जात, मनाच्या आजारांबद्दल बोलत, ऐकून घेत, धीर देत आणि गरज पडल्यास समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे पाठवत. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते; दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. दुष्काळी भागात टँकर पोहोचतो, तसा असा कार्यकर्ताही पोहोचला पाहिजे.

घरात, शेजारी कुणी खचलेले दिसले तर पीक येण्याची वाट पाहू नये. त्या माणसाजवळ बसावे, त्याला बोलते करावे आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते.