आपल्यामागून कोण?

संस्था उभारणे अवघड खरे. पण ती दुसऱ्याच्या हाती सोपविणे त्याहून अवघड. आफ्रिकेतील नायजर नदीकाठच्या ख्रिस्ती मंडळीचेच पाहा ना.

लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन ह्यांचे म्हणणे असे, की मिशनऱ्याने स्थानिक माणसे तयार करावीत नि स्वतः बाजूला व्हावे. त्यांच्याच आग्रहाने १८६४ साली सॅम्युएल क्राउदर बिशप झाले. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अँग्लिकन पंथाचा पहिला आफ्रिकी बिशप ठरला!

१८७३ मध्ये व्हेन वारले. पुढे तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी क्राउदरांचे आफ्रिकी सहकारी दूर केले. १८९१ मध्ये क्राउदर वारले, तेव्हा त्यांच्या जागी इंग्रज बिशप नेमला गेला. नदीच्या मुखाकडील मंडळ्यांनी १८९२ साली आपला कारभारच वेगळा केला.

माणूस तयार झाला होता. त्याला जपणारा विचार मात्र लंडनच्या कचेरीत टिकला नाही.

म्हणून मंडळीचे पाळक असा, हेडमास्तर असा की सोसायटीचे चेअरमन, किल्ल्या देण्याआधी दोन-चार वर्षे जोडीदार हाताशी घ्या. त्याला हिशेब दाखवा, निर्णय घेऊ द्या, चुकला तर पाठीशी राहा. आणि हे सर्वांच्या संमतीने ठरावात लिहा. एकाच्या मनातले धोरण त्याच्याबरोबर जाते. सर्वांनी मानलेले मागे राहते.