काचेच्या तंतूंतील प्रकाश

परदेशीं असलेल्या मुलाचा आवाज आज घरबसल्या कानीं पडतो. परंतु तो कोणत्या मार्गानें आला, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. तो मार्ग बहुधा समुद्रतळावरील, केसाएवढ्या बारीक अशा काचेच्या तंतूंचा असतो. या तंतूच्या गाभ्याचा वक्रीभवनांक बाहेरील आवरणाहून किंचित् अधिक असल्यामुळें आंत शिरलेला किरण कडेस लागून पुन्हां आंतच परततो. जिनीव्हा येथें कोलाडन यांनीं १८४१ सालीं पाण्याच्या वांकड्या धारेंत हाच चमत्कार दाखविला होता.

तत्त्व जुनें, पण काच मलिन. त्यामुळें प्रकाश थोडक्याच अंतरांत नाहींसा होई. १९६६ सालीं इंग्लंडांत चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, हा दोष काचेचा नसून तींतील अशुद्ध द्रव्यांचा आहे. एक किलोमीटर अंतरावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा पोंचला, तरी संदेशवहनास तेवढा पुरेल. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनीं तसा तंतु सिद्ध केला. काओ यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आजच्या उत्तम तंतूंत तोच शंभरावा हिस्सा सुमारें शंभर किलोमीटरांवर उरतो. तथापि महासागर हजारों किलोमीटरांचा! पूर्वीं वाटेंत ठिकठिकाणीं क्षीण प्रकाशाचें विजेंत व विजेचें पुन्हां प्रकाशांत रूपांतर करावें लागे. ही अडचण दूर करणारें संशोधन साउदॅम्प्टन विद्यापीठांत डेव्हिड पेन व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांनीं तंतूच्या काचेंत एर्बियम या धातूचा अत्यल्प अंश मिसळला. दुसऱ्या एका लेसरच्या प्रकाशानें त्याचे अणु शक्तिसंपन्न करून ठेवावयाचे. मग संदेशाचा किरण येतांच ते त्याच जातीचा, त्याच दिशेचा प्रकाश सोडतात. दीपानें दीप लावावा, तसाच हा प्रकार! शिवाय काच जेथें सर्वांत निर्मळ, त्या सुमारें १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीलाच एर्बियमचें हें कार्य घडतें. १९९६ सालीं असे वर्धक असलेली तार अटलांटिक महासागराखालून सुरू झाली.

या विद्यापीठावर आपत्तिही आली. ३० ऑक्टोबर २००५ रोजीं लागलेल्या आगींत तंतु तयार करण्याची प्रयोगशाळा भस्मसात् झाली. परंतु विद्या माणसांत असते, यंत्रांत नव्हे; प्रयोगशाळा पुन्हां उभी राहिली.

घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अशा संशोधनांत वर्षानुवर्षें गढून गेली, म्हणजे वडील मंडळी विचारतात, "याचें फळ काय?" काओंच्या लेखापासून त्या वर्धकयुक्त तारेपर्यंत तीस वर्षें गेलीं, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. घरांत चार कमावते हात असतां एकाला दहा वर्षें निर्वेधपणें शिकूं देणें एकत्र कुटुंबास जड वाटूं नये.