विकलेला वायू, निसटलेला वायू

अलिबागजवळच्या चौलच्या रामेश्वर मंदिरात पर्जन्यकुंड आणि अग्निकुंडासोबत वायुकुंडही आहे. या टापूतला दुसरा वायू मात्र समुद्रातून आला. २१ मे १९७६ला अरबी समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातून तेल निघू लागलं आणि दोन वर्षांत ते समुद्रतळावरच्या नळातून उरणला पोहोचलं. तेलामागोमाग वायू आला. त्यावर १९८५मध्ये थळचा खत कारखाना उभा राहिला आणि पुढे उसरला गेल या सरकारी वायू कंपनीचा प्रकल्प आला.

गिऱ्हाईक मिळेपर्यंत हा वायू जाळला जाई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात देशात निघणाऱ्या वायूपैकी सुमारे एक तृतीयांश असा ज्वाळेत गेला. हळहळ व्हायची ती वाया गेलेल्या पैशाची. या वायूतल्या न जळता निसटणाऱ्या मिथेनची चौकशी कोणी केली नाही, कारण त्याला ना रंग ना वास. पण वीस वर्षांच्या हिशेबात ते वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट भारी पडतं.

विकलेल्या वायूला मीटर लागला, गळणाऱ्याला लागला नाही. गळतीचा आकडा कागदावर तयार व्हायचा: व्हॉल्व्ह किती, जोड किती, कॉम्प्रेसर किती, ते मोजायचं आणि प्रत्येकाला ठरीव सरासरीनं गुणायचं. एखादा व्हॉल्व्ह खरोखर फुसफुसतोय का, हे त्या गुणाकाराला कळत नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला कळतं. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या जोडातून पडद्यावर धूर वळवळताना दिसतो. अमेरिकेत २०१८मध्ये प्रत्यक्ष मोजमापांवर बेतलेला हिशेब झाला, तेव्हा गळती सरकारी अंदाजाहून ६० टक्के जास्त भरली. २०२२मध्ये तिथल्याच ज्वाळा तपासल्या, तर ९८ टक्के जळतं असं धरलेलं मिथेन प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपासच नष्ट होत होतं.

आपल्याकडे बॉम्बे हाय चालवणारी सरकारी तेलकंपनी ओएनजीसी २००७मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्याच्या ऐच्छिक मिथेन कार्यक्रमात उतरली. उरणला ज्वाळेत जाणारा वायू परत वळवायचा प्रकल्पही झाला. २०१७पासून युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह रोज पृथ्वीभरचं मिथेन टिपतो. त्याला जमिनीवरची मोठी गळती सापडते, समुद्रावरची अवघड जाते. पाणी इन्फ्रारेड प्रकाश गिळून टाकतं, म्हणून सूर्याची चकाकी नेमक्या कोनात सापडावी लागते. बॉम्बे हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने ढग हटत नाहीत.

२०२१च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर भारतानं सही केली नाही. भातशेती आणि गुरांतून निघणाऱ्या मिथेनचा मुद्दा त्या नकारामागे होता, तो मला पटतो. तेलकंपन्यांना मात्र त्या मुद्द्याआड दडता येणार नाही. २०२४मध्ये ओएनजीसीनं फ्रान्सच्या टोटलएनर्जीजशी करार केला: ड्रोनवर बसवलेल्या संवेदकानं आपल्या ठिकाणांवरचं मिथेन मोजायचं. उशिरा का होईना, हे योग्य झालं. आता मोजून आलेले आकडे ठिकाणवार जाहीर करा, आणि उरण, थळ, उसरच्या ग्रामपंचायतींना ते मराठीत द्या.