कुत्र्याची किरकोळ जखम : घाटमाथ्यावरील घरगुती उपचार

मावळात कुत्र्याच्या पंजाला होणारी जखम बहुधा करवंदीच्या काट्याची, कुंपणाच्या तारेची किंवा सहलीला आलेल्यांनी फोडून टाकलेल्या बाटलीच्या काचेची असते. जखम उथळ असल्यास भोवतीचे केस कापून ती मीठपाण्याने, म्हणजे उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून, धुवावी आणि मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेसाने जखम स्वच्छ झाल्याचा भास होतो खरा, पण त्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. रॉकेल आणि फिनेल तर चाटण्यातून थेट पोटात जातात. खरी कसोटी पावसाळ्यात लागते, कारण लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पट्टी सतत ओली राहते आणि माश्यांनी जखमेच्या कडेला घातलेल्या अंड्यांतून दिवसभरातच अळ्या निघून जखमेत किडे पडतात. त्यामुळे जखम रोज दोनदा उघडून पाहणे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. १० मिनिटे दाबूनही रक्त न थांबणारी खोल जखम घरी हाताळू नये, तर चाव्याची जखम हातमोजे घालून साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी कुत्र्याला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.