तोफेमागची खुर्ची

यंत्र आले की माणसाचे काय होणार, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडकरांना नवा नाही. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत आज वेल्डिंगच्या ठिणग्या यंत्रमानवांच्या हातून उडतात. आम्हा बँकवाल्यांपुढे हा प्रश्न १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर लेजर पोस्टिंग मशीनच्या रूपाने उभा राहिला. पण तो अंतराळयानात बसून आमच्या निगडीच्या घरी जेवणाच्या टेबलावर येईल, असे काही वाटले नव्हते.

माझा नातू आणि त्याचे तीन मित्र सुटीत एक खेळ खेळतात. त्यात पडदा नाही, बटणे नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे आणि निकाल फाशांवर सोडायचा. एक कप्तान, एक वैमानिक, एक तोफची. परवा कप्तानाने जाहीर केले, की यानावरच्या तोफा आता संगणक चालवेल. त्याला पगार नाही, झोप नाही, नेमही चुकत नाही. तोफची झालेला मुलगा रडवेला झाला. "मग मी काय करू?" या त्याच्या प्रश्नावर नातू माझ्याकडे वळला, "आजोबा, तुम्हीच सांगा, खरं काय असतं?"

वाचकहो, या वादाचे वय बरेच आहे. मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा असाच खेळ १९७७ साली अमेरिकेत निघाला. त्यात तोफेच्या प्रत्येक बुरुजाला एक तोफची लागतो, पण नेमबाजीचा कार्यक्रम संगणकात नसेल तर तोफ उडतच नाही. तोफचीचे कसब मोजायचे, तर त्यासाठीही वेगळा कार्यक्रम लागतो. 'स्टार वॉर्स' त्याच वर्षीचा. त्यातले नायक मात्र काचेच्या बुरुजात बसून हाताने नेम धरतात. गंमत अशी, की १९४४ साली लढाईत उतरलेल्या बी-२९ या बाँबफेकी विमानाचे बहुतेक बुरूज दुरूनच चालत आणि नेमाचे गणित यंत्र करी. सिनेमातले भविष्य खऱ्या युद्धाच्या मागेच होते!

प्रत्यक्षात नेमाचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. आपल्या नौदलाच्या जहाजांवरची सहा नळ्यांची एके-६३० तोफ रडारच्या सांगण्यावरून मिनिटाला हजारो गोळ्या झाडते. अंगावर येणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे माणसाचा हात पुरत नाही. मे १९८७ मध्ये इराणच्या आखातात 'स्टार्क' या अमेरिकी युद्धनौकेवर दोन क्षेपणास्त्रे आदळली आणि ३७ नौसैनिक गेले. अशी क्षेपणास्त्रे आपणहून पाडणारी तोफ तिच्यावर होती, पण ती स्वयंचलित स्थितीत ठेवलेली नव्हती.

म्हणजे सगळे यंत्रावर सोपवावे? जुलै १९८८ मध्ये त्याच आखातात 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी नौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे मेली. विमान वर चढत आहे, असे संगणकाची नोंद सांगत होती. ताणाखाली असलेली माणसे ते खाली येत आहे असे समजली. पुढे मार्च २००३ मध्ये इराक युद्धात याच्या उलट घडले. पॅट्रियट यंत्रणेने तळावर परतणारे ब्रिटिश टोर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले. सैनिकांनी यंत्रावर भरवसा ठेवला आणि दोन वैमानिक प्राणाला मुकले.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याने ती उघडत नाही. यात अविश्वास कोणावरच नसतो. हात घालण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तरी विचार करावा, एवढाच हेतू. क्षेपणास्त्र मात्र दुसऱ्या किल्लीची वाट पाहत नाही. म्हणून ती किल्ली आधीच फिरवावी लागते. तोफ स्वयंचलित कधी करायची, कोणत्या दिशेला, किती वेळ, हे माणसाने आधी ठरवायचे आणि त्याखाली आपली सही करायची. तोफचीची खुर्ची चापापासून उचलून या कळीपाशी ठेवली आहे, इतकेच. ती रिकामी ठेवली, तर उद्या जाब कोणाला विचारणार?

मुलांना मी हेच सांगितले. त्यांनी लगेच नियम केला: नेम संगणकाचा, पण तोफ चालू करण्याचा हुकूम तोफचीचा, आणि चुकून कोणाचे यान पडले, तर खुलासाही त्यानेच करायचा. मघाशी रडवेला झालेला तो मुलगा आता भलताच गंभीर झाला. समोरून आलेल्या पहिल्याच यानाला त्याने तीनदा ओळख विचारली. कप्तान वैतागला, पण नियम त्यानेच मान्य केलेला होता.

यंत्रमानवाच्या जाळीबाहेर एक लाल बटण असते. ते दाबणाऱ्या कामगाराला वेल्डिंग यंत्राइतके चांगले येत नसेल, पण थांबवायचे केव्हा हे त्याला कळते. घरोघरी मुले आता यंत्रांशीच खेळत मोठी होणार आहेत. ती खेळताना दिसली, की कोण जिंकले एवढेच विचारू नका. हुकूम कोणी दिला, हेही विचारा.