कादंबरी वाचणाऱ्या नर्सने केस सोडवली, ती गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे कोझी मिस्ट्री. त्यातही अशा गोष्टी, जिथे गुन्ह्याचा छडा पोलीस नाही, तर नर्स किंवा डॉक्टर लावतात.

कोझी मिस्ट्री म्हणजे काय? छोटं गाव, मोजकी माणसं आणि एक खून. रक्तपात मात्र पानावर फारसा दिसत नाही. शोध घेणारा आपल्यासारखाच साधा माणूस. आता अशा माणसाला लोकांच्या घरात शिरायला काहीतरी कारण लागतं. नर्सला ते आपोआप मिळतं. ती रात्रभर पेशंटच्या उशाशी बसते, घरातली भांडणं तिच्या कानावर पडतात आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट ही अमेरिकन लेखिका स्वतः नर्सिंग शिकलेली. तिची हिल्डा ॲडम्स ही नर्स १९१४ पासून गोष्टींमध्ये गुन्हे शोधतेय!

अगाथा ख्रिस्तीचंही तसंच. पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडमधल्या टॉर्की गावी जखमी सैनिकांची सेवा केली, मग हॉस्पिटलच्या औषध विभागात काम केलं आणि १९१७ मध्ये त्याची परीक्षाही पास केली. कुठलं औषध किती दिलं की विष होतं, हे ती तिथेच शिकली. म्हणून तिच्या पुस्तकातली विषं खरी वाटतात.

किती खरी? ऐका. इथे थोडा स्पॉयलर आहे बरं का! 'द पेल हॉर्स' या तिच्या १९६१ च्या कादंबरीत लोक वेगवेगळ्या आजारांनी मेल्यासारखे दिसतात. खरं कारण असतं थॅलियम. याच्या क्षारांना रंग नाही, चव नाही. पोट बिघडतं, हातपाय दुखतात, त्यामुळे डॉक्टरही फसतात. पण साधारण दोन आठवड्यांनी केस गळायला लागतात. तोच कादंबरीतला धागा.

आता १९७७ साल. कतारहून १९ महिन्यांच्या एका मुलीला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. तब्येत ढासळत होती आणि निदान काही होईना. वॉर्डमधली एक नर्स तेव्हा नेमकी हीच कादंबरी वाचत होती. बाळाचे केस गळताना बघून तिला शंका आली. तिने डॉक्टरांना विचारलं, हे थॅलियम तर नसेल? तपासणी झाली आणि खरंच थॅलियम निघालं! कुणी खुनी वगैरे नव्हता. घरात झुरळं-उंदीर मारायला आणलेल्या औषधातून ते बाळाच्या पोटात गेलं होतं. मग योग्य उपचार झाले आणि मुलगी सावरली.

यातली गंमत कळली का? नर्सने पुस्तक वाचून डॉक्टरकी केली नाही. तिने एक लक्षण पाहिलं, दोन गोष्टी जोडल्या आणि 'मला काय कळतंय' म्हणून गप्प न बसता विचारलं. कोझी मिस्ट्रीतला हौशी डिटेक्टिव्ह नेमकं हेच तर करतो. बारीक बघतो आणि बावळट वाटेल असा प्रश्नही विचारतो.

आणि हो, घरात लहान मूल असेल तर उंदराचं औषध आजच उंच कपाटात, कुलपात ठेवा.

तुमच्या आवडीचा हौशी डिटेक्टिव्ह कोण? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!