विश्लेषण : शास्त्रज्ञाचे काम आकड्यांत मोजता येते का? शुभा टोळे यांच्या संशोधनातून समजून घ्या

माणिकपूर : बीएस्सी, एमएस्सीनंतर संशोधनाकडे वळायचे ठरले की पहिला प्रश्न पडतो तो मार्गदर्शक कोण निवडायचा. माणिकपूरच्या घरात बसून आता कोणत्याही प्राध्यापकाचे गुगल स्कॉलरवरील पान मोबाइलवर उघडता येते. तिथे ठळकपणे तीन आकडे दिसतात : सायटेशन्स, एच-इंडेक्स आणि आय-१० इंडेक्स. अनेक विद्यार्थी तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात. पण हे आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत? मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) मेंदूशास्त्रज्ञ प्रा. शुभा टोळे यांच्या कामाच्या आधारे हे समजून घेऊ.

हे तीन आकडे म्हणजे काय?

एखाद्या शोधनिबंधाचा दुसऱ्या शोधनिबंधात संदर्भ दिला गेला, की एक सायटेशन मोजले जाते. एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. एखाद्याच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ मिळाले असतील, तर एच-इंडेक्स २०. त्यातला एक निबंध हजार वेळा उल्लेखला गेला, तरी हा आकडा २०च राहतो. दहा किंवा त्याहून अधिक संदर्भ मिळालेले निबंध किती, हे आय-१० इंडेक्स सांगतो.

‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा वेगळा आकडा आहे. तो नियतकालिकाचा असतो, शास्त्रज्ञाचा नाही. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो सांगतो.

शुभा टोळे यांचे संशोधन कशावर?

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या टोळे यांनी अमेरिकेतील कॅलटेकमधून पीएचडी केली. शिकागो विद्यापीठात काही वर्षे संशोधन करून त्या १९९९ मध्ये टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या. त्यांना २०१० मध्ये शांतीस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये जीवशास्त्रासाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

गर्भात मेंदू घडताना सुरुवातीला सारख्याच दिसणाऱ्या पेशींपैकी काहींचा विचार-भाषेशी संबंधित बाह्यपटल म्हणजे कॉर्टेक्स होतो, तर काहींचा स्मृतीसाठी आवश्यक असलेला हिप्पोकॅम्पस. कोणत्या पेशीने काय व्हायचे, हे कोण ठरवते? टोळे यांच्या कामाचा मुख्य प्रश्न हाच आहे.

एका निबंधातून दुसरा कसा निघाला?

१९९८ मध्ये, शिकागोत असताना, टोळे सहलेखिका असलेला एक निबंध ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आला. उंदराच्या भ्रूणात कॉर्टेक्सच्या कडेला असलेल्या पेशींच्या अरुंद पट्टीचे त्यात वर्णन होते. कापडाच्या दुमडून शिवलेल्या काठाला इंग्रजीत ‘हेम’ म्हणतात. त्यावरून या पट्टीला ‘कॉर्टिकल हेम’ म्हटले गेले. या पट्टीत ‘डब्ल्यूएनटी’ गटातील अनेक जनुके सक्रिय असतात. ही जनुके शेजारच्या पेशींना संदेश देणारी प्रथिने बनवतात.

टीआयएफआरमध्ये आल्यावर २००१ च्या निबंधात त्यांच्या गटाने ‘एलएचएक्स-२’ या जनुकाचा या काठाशी संबंध दाखवला. हे जनुक नसलेल्या उंदरांमध्ये काठ अवाजवी रुंद होतो. म्हणजे हे जनुक काठाला मर्यादेत ठेवते.

मग काठ नेमका करतो काय? २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधाने त्याचे उत्तर दिले. टोळे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील एडविन मोनुकी यांच्या प्रयोगशाळांचे हे संयुक्त काम. काही पेशींत एलएचएक्स-२ शाबूत आणि काहींत नाही, असे मिश्र भ्रूण अभ्यासण्यात आले. जनुक नसलेल्या पेशींच्या पुंजक्यांनी काठाचे रूप घेतले आणि त्यांच्या शेजारच्या सामान्य पेशींतून हिप्पोकॅम्पस घडू लागला. एकाच्या जागी अनेक! काठ हा हिप्पोकॅम्पसचा ‘ऑर्गनायझर’, म्हणजे शेजाऱ्यांना घडवणारा पेशीगट असल्याचे यातून सिद्ध झाले. ऑर्गनायझर ही कल्पना मुळात १९२४ मध्ये हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी उभयचरांच्या भ्रूणांवरील प्रयोगांतून मांडली होती.

गोष्ट इथे थांबली नाही. हिप्पोकॅम्पस घडताना पेशीने चेतापेशी व्हायचे की तिला आधार देणारी ‘अॅस्ट्रोग्लिया’ पेशी, हेही एलएचएक्स-२ ठरवते, असे २०११ च्या निबंधात दिसले. हे जनुक इतर जनुकांवर नियंत्रण कसे ठेवते, याचा रेणूंच्या पातळीवरील तपशील २०१७ मध्ये आला.

एच-इंडेक्सच्या दृष्टीने हे सारे सुटे निबंध आहेत. प्रत्यक्षात ती एकाच प्रश्नाची जवळपास दोन दशके पुढे गेलेली साखळी आहे.

आकड्यांतून काय सुटते?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. उंदरांच्या पिढ्या वाढवून, भ्रूण तपासून एक निबंध लिहायला वर्षे जातात. त्यामुळे वेगवेगळ्या विषयांतील एच-इंडेक्सची तुलना करण्यात अर्थ नाही. एच-इंडेक्स कधी कमी होत नाही, म्हणून वय वाढलेल्यांना त्याचा आपोआप फायदा होतो.

दुसरे, श्रेय. जीवशास्त्रात लेखकांच्या यादीत पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे असते. सायटेशन मात्र सर्वांच्या खात्यात सारखेच जमा होते.

तिसरे, दर्जा. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा ‘लॅन्सेट’मधील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. तो प्रचंड उल्लेखला गेला, पण बराचसा खोडून काढण्यासाठी. मोजणीत तेही संदर्भच.

आकड्यांच्या मागे लागल्याने काय झाले?

पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन मान्यताप्राप्त यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेल्या १,००९ पैकी केवळ ११२ निकषांवर उतरली. पुढे २०२२ च्या नियमावलीत आयोगाने पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. भरती, बढती आणि निधी देताना इम्पॅक्ट फॅक्टरवर विसंबू नये, असे आवाहन करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर जगभरातील संस्थांनी स्वाक्षऱ्या केल्या आहेत.

मग मार्गदर्शक निवडताना काय पाहावे?

आकडे पाहावेत, पण तिथे थांबू नये. निबंधांची यादी वर्षानुसार लावून वाचावी. प्रश्न पुढे सरकतोय की तोच निबंध नावे बदलून येतोय, हे शीर्षकांवरूनही बरेच कळते. पहिल्या नावाच्या जागी विद्यार्थी आहेत का आणि ते पुढे कुठे गेले, हे शोधावे. एक निबंध निवडून त्याचा किमान गोषवारा वाचावा. शक्य असेल तर प्रयोगशाळा पाहावी आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलावे. माणिकपूरकरांसाठी टीआयएफआर तसे दूर नाही. वसई रोडहून चर्चगेट लोकल आणि पुढे कुलाब्याच्या नेव्हीनगरपर्यंत बस.

पीएचडीची पाच-सहा वर्षे कोणाच्या एच-इंडेक्ससोबत काढायची नसतात, एका प्रश्नासोबत काढायची असतात. तो प्रश्न आपल्याला आवडतो का, हे कोणत्याही पानावर आकड्यांत लिहिलेले सापडणार नाही.